जमीन त्यांची, पक्षीही त्यांनीच दाखवावेत

ऑस्ट्रेलियातल्या काकाडूला कधी जावं असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, कुणाच्या पंचांगाप्रमाणे? ट्रॅव्हल कंपन्यांच्या पंचांगात तिथे दोनच ऋतू आहेत, ओला आणि कोरडा. तिथल्या मूळ लोकांच्या पंचांगात सहा आहेत, आणि पक्षी बघणाऱ्याला उपयोगाचं तेच.

जानेवारी ते मार्च गुजेउक. धो धो पाऊस, रस्ते पाण्याखाली, पक्षी कुठेही पांगलेले. एप्रिलच्या सुमारास बांगेरेंग येतो, तेव्हा परतीची वादळं माणसाच्या डोक्यावर गेलेलं गवत आडवं पाडतात. मे महिन्यात येग्गे. पहाटे धुकं, पाण्यावर फुलंच फुलं, आणि जंगलात पहिले बारीक जाळ लावायची वेळ. त्यानंतरचा वुर्गेंग म्हणजे त्यांचा हिवाळा. पाणी उतरायला लागतं. ऑगस्टच्या मध्यापासून गुरुंग, रखरखीत. डबकी आटत जातात आणि उरलेल्या पाण्याभोवती पक्ष्यांची जत्रा भरते. शेवटी गुनुमेलेंग, म्हणजे आपल्याकडचे वळवाचे दिवस. दुपारी ढग, गडगडाट, उकाडा, कधी चार थेंब.

मी निफाडची. आमच्याकडे जुनी माणसं अजूनही पाऊस नक्षत्रांवर मोजतात, त्यामुळे मला हे पंचांग परकं वाटलं नाही. आपली नक्षत्रं मात्र तारखेला बांधलेली असतात. बिनिंज लोकांचा ऋतू खूण पटली की बदलतो. अमुक झाड फुललं, वारा फिरला, गवत पडलं की पुढचा ऋतू लागला. बिनिंज म्हणजे काकाडूच्या उत्तर भागातले आदिवासी. दक्षिणेकडचे स्वतःला मुंगुय म्हणवतात.

शाळेत आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं आणि थंडीतल्या सुट्ट्या आमच्याजवळच्या नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीवर काढल्या. लेक नर्स म्हणून डार्विनला गेली तेव्हा तिच्या घरापेक्षा मला आधी आठवलं ते काकाडू, हे तिला आवडलं नाही. पण रजा काढून गाडी तिनंच चालवली.

काकाडू राष्ट्रीय उद्यान ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला आहे. डार्विनहून पूर्वेला जाबिरू गावापर्यंत अडीचशे किलोमीटर. क्षेत्रफळ सुमारे २०,००० चौरस किलोमीटर. अहिल्यानगर हा महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा, तो यात बसून वर जागा उरेल. १९७९ साली उद्यान झालं, १९८१ साली पहिला टप्पा जागतिक वारशाच्या यादीत गेला, तोही निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही निकषांवर. असा दुहेरी मान जगात मोजक्याच जागांना मिळालेला आहे. पक्ष्यांच्या २८० च्या वर जाती इथे नोंदल्या आहेत, म्हणजे ऑस्ट्रेलियात आढळणाऱ्या जातींपैकी सुमारे एक तृतीयांश.

पक्षी बघणारे बहुतेक जण पहिल्यांदा यलो वॉटरला जातात. साऊथ ॲलिगेटर नदीच्या खोऱ्यातलं हे मोठं तळं. (नदीला नाव ॲलिगेटर असलं तरी त्यात ॲलिगेटर एकही नाही. १९ व्या शतकात आलेल्या इंग्रज दर्यावर्द्यानं मगरी बघितल्या आणि नाव ठोकून दिलं.) पहाटेच्या बोटीत बसलं की पहिला धक्का असा, की अर्ध्याहून अधिक पक्षी ओळखीचे निघतात. पंख वाळवत बसलेला तिरंदाज, पाणकावळे, शराटी, चमचे, अडईच्या जातभाईंचे थवे. काळ्या मानेचा करकोचा आपल्याकडे दिसला तर दिवस सोन्याचा. तिथे त्याच्याच इंग्रजी बोलीनावावरून गावाला जाबिरू म्हणतात. वर समुद्रगरुड, आंजर्ल्या-वेळासच्या किनाऱ्यावर घरटं करतो तोच. पाण्यावरचं गुलाबी फूल म्हणजे आपलं कमळ, वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातही तीच जात. ऑस्ट्रेलियन त्याला लाल लिली म्हणतात, बिनिंज त्याच्या बिया खातात.

त्या कमळपानांवरून कमळपक्षी चालत होता. आपल्याकडच्यांपेक्षा वेगळा, कपाळावर लाल तुरा असलेला. बोट जवळ गेली तसा तो खाली बसला, पंख जरा फुलवले आणि उठला, तर पंखांखालून लांब लांब बोटांची पिल्लांची पावलं लोंबताना दिसली. हा बाप. या पक्ष्यांत अंडी उबवणं, पिल्लं वाढवणं ही कामं नर करतो आणि धोका दिसला की पिल्लं काखोटीला मारून निघतो. शाळेत हा धडा किती वर्षं शिकवला, पण ती लोंबणारी पावलं फळ्यावर काढता आली नव्हती.

यलो वॉटरची बोट आदिवासींच्या मालकीच्या कंपनीची आहे. प्रत्येक फेरीला वाटाड्या बिनिंजच असेल असं नाही, ते तिकीट काढताना विचारावं. ईस्ट ॲलिगेटर नदीवरची गुलुयांबी नावाची फेरी मात्र आदिवासी वाटाड्याच नेतात, आणि खरं काकाडू मला तिथे कळायला लागलं. आमचा वाटाड्या तिशीतला तरुण. थोड्याच वेळात तो मला ‘आंटी’ म्हणू लागला; वडीलधाऱ्या बाईला तिथे असंच म्हणतात. पलीकडचा किनारा अर्नहेम लँडचा, तिथे परवान्याशिवाय बाहेरच्यानं पाय ठेवायचा नाही. फेरीत तेवढ्यापुरतं उतरवतात. त्यानं भाला फेकून दाखवला, कागदासारखी सुटणारी झाडाची साल दाखवली, तिचे उपयोग सांगितले. मी मॅगपाय कादंबाबद्दल विचारलं. माझ्या वहीत पक्ष्याची लांबी, रंग, आवाज असे रकाने आखलेले. तो म्हणाला, “गुरुंगमध्ये ये आंटी, तेव्हा त्याला चरबी असते.”

लेक माझ्याकडे बघून हसली. मी रकाना वाढवला.

या पक्ष्याबद्दल जरा सविस्तर सांगितलंच पाहिजे, कारण काकाडूची सगळी गोष्ट त्याच्या पाठीवर उभी आहे. काळापांढरा, नारिंगी पायांचा, डोक्यावर टेंगूळ, चोच टोकाला वाकडी. म्हणायला हंस-बदकांच्या गोतातला, पण स्वतःचं वेगळं कुळ असलेला आणि फार जुना. बोटांमधला पडदा अर्धवट, त्यामुळे झाडावरही बसतो. बरेचदा एक नर आणि दोन माद्या मिळून संसार करतात. पिल्लांना चोचीतून भरवतात, जे बदकांच्या गोतात क्वचितच कुणी करतं. पावसात उगवणाऱ्या एका लव्हाळ्याचे जमिनीतले कंद हे त्याचं मुख्य अन्न. पाणी आटून चिखल घट्ट झाला की ती वाकडी चोच कुदळीसारखी चालते. सप्टेंबर-ऑक्टोबरात मामुकाला नावाच्या पाणथळीवर हे पक्षी हजारोंनी जमतात. तिथे बसून बघायला लाकडी आडोसा केलेला आहे. थव्याचा गलका आधी ऐकू येतो, थवा मागून दिसतो. चिखलानं त्यांची डोकी इतकी माखलेली असतात की नर-मादी ओळखायच्या फंदात पडू नये.

एकेकाळी हा पक्षी दक्षिण ऑस्ट्रेलियातही मुबलक होता. २० व्या शतकात तिथल्या पाणथळी शेतीसाठी निचरा करून कोरड्या केल्या, पक्ष्यांना गोळ्या घातल्या, विष घातलं, आणि तो दक्षिणेतून जवळजवळ नाहीसा झाला. उत्तरेत टिकला. डार्विनजवळ १९५० च्या दशकात भातशेतीचा एक अवाढव्य प्रकल्प निघाला होता, अमेरिकन भांडवलाचा. त्यासाठी फॉग डॅम नावाचं धरण बांधलं. प्रकल्प बुडाला. कादंबांनी भात खाल्लं म्हणून बुडाला अशी दंतकथा झाली. पाणी, माती आणि नियोजन सगळंच फसलं होतं, पण पक्ष्यावर खापर फोडणं सोपं. आज फॉग डॅम हे पक्ष्यांचं राखीव क्षेत्र आहे आणि काकाडूच्या वाटेवर ते चुकवू नये. कादंबांचं सध्याचं भांडण आंब्याच्या बागायतदारांशी. डार्विनच्या आसपास केन्सिंग्टन प्राइड जातीच्या आंब्याच्या बागा आहेत, आणि पक्ष्यांना आंबा कळतो. (आंबा बरा आहे. हापूस नाही.)

आता राष्ट्रीय उद्यानात पक्षी मारून खातात हे वाचून ज्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील त्यांच्यासाठी. काकाडूची बहुतांश जमीन १९७६ च्या कायद्यानं कायदेशीरपणे आदिवासींच्या मालकीची आहे. त्यांनी ती उद्यानासाठी सरकारी उद्यान खात्याला भाडेपट्ट्यानं दिली आहे, आणि व्यवस्थापन मंडळावर बहुमत त्यांचं. शिकारीचा हक्क त्यांनी सोडलेला नाही. जिथे ते कादंब मारून, गरम दगडांच्या खड्ड्यात सालीखाली भाजून खातात तिथे कादंब हजारोंनी आहेत. जिथे शेतं झाली तिथून ते गेले. एवढ्यावरून शिकार चांगली असं मी म्हणत नाही. पक्ष्याला कोण संपवतं याबद्दलची आपली समजूत मात्र तपासून घ्यायला हरकत नाही.

आगीचंही तसंच. पण त्याआधी म्हशींचं सांगायला हवं, काकाडूत त्यांचा एक इतिहास आहे. १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांनी आशियातून म्हशी आणल्या, वसाहती मोडल्या आणि म्हशी रानात सुटल्या. त्या पुढे हजारोंच्या संख्येनं वाढल्या. त्यांच्या येण्याजाण्यानं पडलेल्या चरांतून भरतीचं खारं पाणी गोड्या पाणथळींत शिरलं, झाडांची राई वाळून गेली. गुरांच्या क्षयरोगाचं निर्मूलन करायच्या मोहिमेत १९८० च्या दशकात बहुतेक म्हशी हटवल्या. आता पाणथळी आपोआप सुधारतील असं वाटेल. साऊथ ॲलिगेटरच्या बॉगी प्लेन भागात झालं भलतंच. चरणारी तोंडं गेल्यावर तिथल्याच एका पाणगवतानं सगळं पाणी झाकून टाकलं. उघडं पाणी नाही म्हणजे लव्हाळा नाही, कमळ नाही, कासव नाही आणि कादंबही नाही.

उपाय तिथल्या एका मालक घराण्याकडे होता. पूर्वी त्यांचे लोक पाणी उतरत जाईल तसतसं काठापासून आत थोडं थोडं गवत जाळत. दाट वस्त्या उठल्या, माणसं पांगली आणि ती पद्धत बंद पडली. या शतकाच्या सुरुवातीला त्या कुटुंबानं आणि सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मिळून ती पुन्हा सुरू केली. गवताचा पडदा फाटला, पाणी दिसायला लागलं, पक्षी परत आले. जाळायचं कधी, वारा कुठला हवा, ओल किती उरलेली हवी, हे त्या घरातल्या बायकांना ठाऊक होतं. शास्त्रज्ञांनी मोजमाप केलं. पाणथळीत काडी लावणाऱ्या माणसाला आपल्याकडे आधी कोठडीत बसवतील, हे मला तिथे बसूनही सुचल्याशिवाय राहिलं नाही.

मुळात ही पाणथळ इथल्या माणसांपेक्षा वयानं लहान आहे, हे कळल्यावर मी वही मिटून ठेवली. काकाडूच्या हद्दीलगत मजेडबेबे नावाची कपार आहे. तिथलं उत्खनन २०१७ साली प्रसिद्ध झालं, त्यात माणसाचा वावर सुमारे ६५,००० वर्षांपूर्वीचा ठरवला आहे. हा आकडा काही अभ्यासकांना जास्त वाटतो. त्यांचा हिशेब धरला तरी काळ अफाटच. हिमयुग संपून समुद्र वर चढला तो त्यानंतर कित्येक हजार वर्षांनी. मग इथे खारफुटी माजली. आज आपण बघतो ती गोड्या पाण्याची, कमळांची, कादंबांची मैदानं त्या मानानं कालची, दोनेक हजार वर्षांच्या आतबाहेरची. काकाडूतल्या उबीरच्या खडकांवर हे सगळं रंगवलेलं आहे. जुन्या थरांत जमिनीवरचे प्राणी. एका ठिकाणी थायलसीन, पट्टेवाला तो प्राणी जो ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून हजारो वर्षांपूर्वी गेला. पुढे खाडीतले मासे, आतले काटे-आतडी दिसतील अशा पद्धतीनं काढलेले. आणि अलीकडच्या चित्रांत कादंब आणि पाणकमळं. पाणथळ तयार होताना या लोकांनी पाहिली.

आणि ज्यांनी पाहिली त्यांना विचारलं गेलं नाही, हा त्यातला दुसरा भाग. १९७७ साली सरकारी चौकशी आयोगानं युरेनियमची खाण, राष्ट्रीय उद्यान आणि आदिवासींचा जमीनहक्क अशी तिन्ही एकत्र मोट बांधून दिली. मिरार या मालक कुळाचा खाणीला विरोध होता. तो विचारात घेतला नाही. रेंजर खाण चालू झाली, २०२१ च्या जानेवारीपर्यंत तिथे प्रक्रिया चालली. शेजारच्या जाबिलुकाची खाण मात्र मिरारांनी होऊ दिली नाही. १९९८ साली तिथे हजारो लोक ठाण मांडून बसले होते, आणि त्या लढ्याबद्दल इव्हॉन मार्गारुला व जॅकी कटोना यांना १९९९ चं गोल्डमन पारितोषिक मिळालं.

मंडळावर बहुमत असूनही सगळं सुरळीत नाही. दक्षिणेकडे गुनलोम नावाचा धबधबा आहे, फोटोंत सगळ्यात देखणा. तिथे उद्यान खात्यानं पायवाट केली ती जावोइन लोकांच्या पवित्र स्थळाच्या फार जवळून, लागणारा परवाना न घेता. २०१९ साली गुनलोम पर्यटकांना बंद झालं. प्रकरण ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०२४ साली निकाल लागला की पवित्र स्थळांचा कायदा सरकारी खात्यालाही लागू आहे.

या पार्श्वभूमीवर तिथल्या वाटाड्याचं गप्प बसणं समजून घ्यावं. आपल्याला सवय असते पैसे भरले की सगळं सांगितलं पाहिजे. गुलुयांबीच्या बोटीतून एका डोंगराकडे बोट दाखवून मी त्याची गोष्ट विचारली. तो म्हणाला, “याची गोष्ट आहे. सांगायची नाही.” आणि पुढचा खंड्या दाखवला. गोष्टींना तिथे पायऱ्या असतात; बाहेरच्याला पहिली, घरच्याला पुढच्या, काही फक्त पुरुषांच्या, काही फक्त बायकांच्या. नुकत्याच गेलेल्या माणसाचं नाव घेत नाहीत, त्याचा फोटो दाखवत नाहीत. वाराजन सांस्कृतिक केंद्रात जे मांडलं आहे ते काय आणि किती मांडायचं हे मालक कुळांनीच ठरवलेलं. यलो वॉटरच्या जवळच आहे, बोटीच्या आधी बघून घ्यावं.

जाणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. पक्षी मुख्य हवे असतील तर ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबर गाठा, उकाडा सोसायची तयारी ठेवून. पाण्याच्या काठाशी जायचं नाही, हात धुवायलाही नाही. खाऱ्या पाण्यातल्या मगरींना १९७१ पासून त्या प्रांतात संरक्षण आहे आणि त्यांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतलेला आहे.

उरलं आमचं नांदूर. गोदावरी-कादवाच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, मागे गाळ साचला आणि पाणथळ झाली, म्हणजे तीही माणसाच्याच हातची. २०२० च्या जानेवारीत ती महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाली. काकाडूला १९८० सालीच तो दर्जा मिळाला होता. चापडगावकडून आत गेलं की गावातली पोरं दुर्बीण घेऊन वाटाडे म्हणून उभी असतात. उत्तम नजर, इंग्रजी नावंही तोंडपाठ. पण येणारे त्यांना फक्त “अमका कुठे दिसेल” एवढंच विचारतात. त्यांच्या आजोबांना पाणी कधी चढतं, कुठली वनस्पती कधी माजते, मासा कुठे अंडी घालतो हे ठाऊक असतं, ते कुणी विचारत नाही, आणि मासेमारी करणारे कोळी तर फोटोच्या आड येतात म्हणून लोक वैतागतात.

तेव्हा या थंडीत नांदूरला आलात तर गावातलाच वाटाड्या घ्या, ठरलेले पैसे घासाघीस न करता द्या, आणि पक्ष्यांची यादी भरून झाली की त्याला पाण्याबद्दल विचारा. त्यानं एखादी गोष्ट सांगायची नाही म्हटलं, तर पुढचा खंड्या बघा.